रस्ता बंद, स्वयंपाक चालू

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्गावर चढलं आणि जवळपास आठवडाभर हललं नाही. दोन्ही अंगांना ट्रकांच्या रांगा लागल्या, ‘गोकुळ’ला दूधसंकलन थांबवावं लागलं आणि मुंबई-पुण्यात दुधाची ओढाताण सुरू झाली. जनावरं दूध देत होती, गिऱ्हाईक पातेलं घेऊन उभं होतं. मधला रस्ता तेवढा नव्हता.

हल्लीच्या बहुतेक टंचाया याच जातीच्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात धान्यच नव्हतं, म्हणून अमेरिकेतून आलेला मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. आता गोदामं भरलेली असतात आणि तरी माल पोहोचत नाही. जून २०१७ मध्ये शेतकरी संपाने शहरांची दूध-भाजी अडली. मे २०२० मध्ये करोनामुळे वाशीची बाजार समिती आठवडाभर बंद ठेवावी लागली. जुलै २०२१ मध्ये पावसाने कसारा आणि बोर घाटातली रेल्वे बंद पाडली, चिपळूण पाण्याखाली गेलं. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली आणि त्याची झळ आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत आली. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. पूर, संप, साथ, निर्यातबंदी अशी कारणं निरनिराळी. घरातला प्रश्न मात्र दर वेळी तोच की आज काय शिजवायचं.

सरकारने काय करावं हे मी इथे लिहीत नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. एका घराला, एका सोसायटीला, दहा-वीस शेतकऱ्यांच्या गटाला स्वतःच्या हिमतीवर काय करता येईल, एवढंच या लेखात आहे. सूत्र साधं आहे: आपल्या ताटातली कोणती वस्तू एकाच वाटेने येते ते हुडकायचं आणि अडचण येण्याआधी तिला दुसरी वाट करून ठेवायची. साठा करणं हा त्यातला एक उपाय झाला. पण साठा म्हणजेच सगळी तयारी, असं समजून जे गव्हाची पोती भरून ठेवतात त्यांची फजिती कशी होते, ते पुढे येईलच.

आधी स्वयंपाकघराची झडती

एका संध्याकाळी कागद-पेन घेऊन ओट्यापाशी बसा. घरात रोज लागणारे पंधरा-वीस जिन्नस लिहा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी टाका: हे येतं कुठून, आत्ता घरात किती दिवसांचं आहे आणि आलंच नाही तर त्याऐवजी काय. पहिल्या रकान्याची उत्तरं बहुतेकांना ठाऊक नसतात. दुकानदाराला विचारा, पाकीट उलटून वाचा.

मग काही गोष्टी लख्ख दिसू लागतात. तेल घ्या. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं, सूर्यफुलाचं मुख्यतः काळ्या समुद्राकडून आणि अर्जेंटिनातून. म्हणजे ज्या घरात फक्त सूर्यफुलाचं तेल चालतं, त्या घराची फोडणी युक्रेनच्या बंदरावर अवलंबून आहे. तूरडाळीचंही थोडंफार तसंच. मराठवाडा-विदर्भात तूर भरपूर पिकते, लातूरच्या डाळमिलांचं नाव देशभर आहे, तरी पीक कमी आलं की म्यानमार आणि आफ्रिकेकडे पाहावं लागतं. म्हणून घरात दोन तेलं आणि चार डाळी खाण्याची सवय असू द्या. शेंगदाणा किंवा करडईचं तेल महाग पडतं हे खरं. सगळं घाण्याचं वापरा असं मी म्हणत नाही. पण महिन्याला एक लिटर जवळच्या घाण्यावरून घेतलं, तर तो घाणाही चालू राहतो आणि अडीअडचणीला तिथे तुमची ओळख असते. आमटी तुरीचीच लागते, हा हट्ट मात्र सोडण्यासारखा आहे. मूग, मसूर, कुळीथ, हरभरा, चवळी आलटून-पालटून केली, तर एखादी डाळ नसली तरी घरात कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आता गव्हाच्या पोत्यांची गोष्ट. पुरात वीज गेली की पिठाची गिरणी बंद, आणि शंभर किलो गहू असूनही पोळी नाही. दुसरी अडचण गॅसची. देशात लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त आयात होतो, त्यातला बहुतेक आखातातून. सिलिंडर संपला आणि वीजही नसली तर इंडक्शनची शेगडी शोभेची. तेव्हा धान्याबरोबर ते दळायचं कशावर आणि शिजवायचं कशावर, याचाही विचार हवा. दळावं न लागणारं काहीतरी घरात हवंच: तांदूळ, गव्हाचा दलिया, रवा, वरीचे तांदूळ. तांदूळ-मुगाच्या खिचडीला गिरणी लागत नाही, कुकरमध्ये गॅस बेताचा लागतो आणि ती म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना चालते. शिवाय दोन-तीन दिवसांपुरतं असं अन्न ठेवा ज्याला चूलच नको: पोहे, चुरमुरे, लाह्या, सातूचं पीठ, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, गूळ, खजूर. दुधासाठी दूधपावडरीचा एक डबा किंवा न उघडलेले टेट्रापॅक पुरे. दुसरं इंधन म्हणून इंडक्शन ठेवायला हरकत नाही, कारण वीज आणि गॅस सहसा एकाच दिवशी दगा देत नाहीत. पूरप्रवण गावात मात्र देतात. तिथे चार विटांची चूल आणि छपराखाली कोरडी लाकडं, याला पर्याय नाही.

किती ठेवायचं

सहा महिन्यांचा साठा करणारे लोक मला भेटतात. त्यांच्या घरी किडेही सहा महिन्यांचे असतात. शहरातल्या घराला पंधरा दिवसांची शिल्लक पुष्कळ झाली, आणि पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या गावाला महिन्याची. हिशेब असा: माणशी रोज ३०० ते ३५० ग्रॅम धान्य, ६०-७० ग्रॅम डाळ-कडधान्य, २५-३० ग्रॅम तेल. चौघांच्या घराला पंधरा दिवसांसाठी सुमारे २० किलो धान्य, ४ किलो डाळी-कडधान्यं आणि दीड-पावणेदोन किलो तेल लागतं. मीठ, गूळ, चहा, तिखट-हळद हे त्यावर. प्यायला आणि शिजवायला माणशी रोज चार-पाच लिटर पाणी धरा. घरात लहान बाळ किंवा पथ्यावरचं माणूस असेल तर त्याचं आधी बघा, बाकीच्यांचं नंतर. आणि सुट्ट्या नोटा ठेवा, कारण मोबाइलचा टॉवर पडला की दुकानातला क्यूआर कोड नुसता कागद असतो.

कोकणात ही विद्या जुनी आहे. मे महिन्यात आगोटीची खरेदी होते: सुकट, सोडे, सुके बोंबील, आमसुलं, चिंच, कडधान्यं, मीठ, सरपण. गोव्यात त्याच दिवसांत पुरुमेंताची लगबग असते. घाटावर कुरडया, सांडगे, पापड वाळतात. ही खाण्याची हौस तर आहेच, पण मुळात ती जून-जुलैत मासेमारी बंद आणि भाजी महाग असताना ताटात काय वाढायचं, याची तरतूद होती. फ्लॅटमध्ये गच्ची नसली तरी सांडगे विकत मिळतात. बचतगटाकडून घ्या.

खरेदीची वेळ साधली तर पैसेही वाचतात. तांदळाचा नवा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरात, ज्वारी आणि तूरडाळ फेब्रुवारी-मार्चात, हरभरा मार्चात, गहू मार्च ते मे. टंचाईची बातमी आली की दुकानाकडे धावायचं नाही. त्या दिवशी तुम्ही उचललेली जादा पाच किलो साखर, हातावर पोट असलेल्या कोणाच्या तरी वाट्याची असते. साठा करायचा तो बाजार शांत असताना, महिन्याच्या यादीत एक-एक किलो वाढवत.

साठवण: इथे घाई नको

धान्य बिघडतं ते ओलाव्याने. बाकीची सगळी कारणं त्याच्या पाठोपाठ येतात. गहू-ज्वारी दाताखाली ‘कट्’ वाजली पाहिजे, ही आजीची परीक्षा आजही खरी आहे. तिच्या जोडीला आणखी एक सोपी परीक्षा करता येते. स्वच्छ, कोरडी काचेची बरणी घ्या, तिच्यात एक तृतीयांश धान्य भरा, दोन चमचे कोरडं बारीक मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे, ते पुन्हा उन्हात पसरा. मीठ सुटं राहिलं तरी आणखी एक कडक ऊन द्यायला हरकत नाही, कारण साठवायच्या धान्यात ओल १२ टक्क्यांच्या आत हवी. वाळवलेलं धान्य गरम असताना डब्यात भरू नका. झाकणाला आतून घाम येतो आणि सगळ्यावर पाणी पडतं, अगदी शब्दशः.

दुसरा शत्रू कीड. तिलाही हवा लागते. म्हणून डबा काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा. आत उरलेला प्राणवायू कीडच संपवते आणि मरते. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून, त्यात कडधान्य गच्च भरलं तर हे काम फुकटात होतं. अर्धा डबा भरून रोज उघडत राहिलात तर त्याचा उपयोग नाही. साठ्याचा डबा वेगळा आणि वापराचा वेगळा. अख्ख्या मूग-मटकी-चवळीला भुंगेरे फार लवकर लागतात, डाळींना त्या मानाने कमी. म्हणून जास्त दिवसांसाठी डाळ ठेवा आणि कडधान्य बेताचं. ठेवायचंच असेल तर किलोला चमचाभर खाद्यतेल किंवा एरंडेल दोन्ही हातांनी नीट चोळा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला. ओला पाला घालणारे स्वतःच्या हाताने ओल घालतात.

आता काय घालायचं नाही ते. बाजारात पारद टिकड्या मिळतात. पारा आणि अन्न एका डब्यात नको. तांदळाला बोरिक पावडर चोळायची चाल अनेक घरांत आहे, तीही सोडा. आणि गोदामात धुरी देण्यासाठी जी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी वापरतात, ती राहत्या घरात कधीही, कोणत्याही कारणाने आणू नका. तिच्यातून निघणारा वायू झोपेत माणसं मारतो आणि अशा बातम्या दर काही वर्षांनी वाचायला मिळतात.

पिठांचा साठा करू नका. बाजरीचं पीठ थोड्याच दिवसांत कडू होतं, ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. नाचणी मात्र दाण्याच्या रूपात वर्षानुवर्षं टिकते आणि तिला कीड जवळजवळ लागत नाही. डोंगराळ भागातल्या लोकांनी तिला जपलं ते उगाच नव्हे. शेंगदाणे शक्यतो टरफलासकट ठेवा. बुरशी आलेले दाणे निवडून, भाजून वापरायचा मोह आवरा. त्या बुरशीचं विष भाजल्याने जात नाही. कांदे आणि बटाटे एका टोपलीत नकोत. डब्यांवर महिना-वर्षाची चिठ्ठी लावा आणि जुनं आधी काढा. हे न पाळल्यामुळेच बहुतेक घरांचा साठा अखेर कबुतरांच्या पोटात जातो.

सोसायटीने काय करायचं

२०२० च्या टाळेबंदीत शेतकरी गट भाजीच्या पिशव्या घेऊन थेट सोसायट्यांच्या फाटकापर्यंत आले. कृषी विभागाने आणि पणन मंडळाने गाड्यांचे परवाने आणि गटांची नावं पुरवली, तरुण पोरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मागण्या गोळा केल्या आणि चार दिवसांत बाजाराला समांतर अशी व्यवस्था उभी राहिली. मग बाजार उघडला, समोरच्या हातगाडीवर मेथी दोन रुपयांनी स्वस्त मिळू लागली आणि बहुतेक ठिकाणी ते गट दिसेनासे झाले. यात शेतकऱ्याचा दोष मला दिसत नाही. संकटात फोन करायचा आणि एरवी घासाघीस करायची, अशा गिऱ्हाइकासाठी कोण पहाटे गाडी भरेल?

हे नातं एरवीच्या दिवसांत टिकवावं लागतं, आणि ते टिकतं भावाच्या बोलीवर. राज्यात जुलै २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे. थेट खरेदीला कायद्याची आडकाठी नाही. तीस-चाळीस घरांनी एकत्र यावं, आठवड्याच्या भाजीपैकी चौथा हिस्सा तरी एका गटाकडून घ्यायचा असं ठरवावं आणि भाव हंगामाभरासाठी बांधून घ्यावा. कोथिंबिरीची जुडी ठरली बाराला, तर बाजारात पाचला पडली तरी बारा द्यायचे आणि पन्नासला चढली तरी त्याने बाराला द्यायची. पहिल्याच महिन्यात कुणीतरी सभासद कुरकुर करणार, हे धरून चाला. मागणी दोन दिवस आधी जावी, पैसे त्याच दिवशी मिळावेत, क्रेट परत जावेत आणि फोन करणारं माणूस एकच असावं. ज्या हंगामात जे पिकतं ते घ्यायचं. पावसाळ्यात फ्लॉवर पांढराशुभ्रच हवा म्हणणाऱ्यांनी मॉलमध्ये जावं.

एक गोष्ट पुष्कळदा निसटते. दोन गट निवडले आणि दोघेही एकाच घाटातून येत असले, तर वाट एकच राहिली. पुण्यात एक गट जुन्नर-नारायणगावकडचा असेल तर दुसरा पुरंदरचा घ्या. मुंबईची बहुतेक भाजी कसारा आणि खंडाळ्याच्या बाजूने घाट उतरून येते. म्हणून वसई, पालघर, अलिबाग, कर्जत असा घाटाखालचा एक तरी पुरवठादार हवा, मग त्याची यादी लहान का असेना. दुधाचंही तसंच: मोठ्या संघाची पिशवी चालू ठेवा, पण जवळच्या एखाद्या गोठ्याचा रतीबही काही घरांनी लावावा. तोच गोठा अडचणीच्या दिवशी बाळांच्या आणि आजाऱ्यांच्या दुधाची सोय करू शकतो.

घरकाम करणाऱ्या बायका, वॉचमन, शेजारच्या वस्तीतली कुटुंबं यांच्याकडे पंधरा दिवसांचा साठा नसतो, आणि ‘ठेवा’ असं सांगणं ही चेष्टा आहे. त्यांचं रेशनकार्ड चालू आहे का ते बघा. गावाकडच्या कार्डावर इथल्या दुकानातही धान्य मिळतं हे अनेकांना माहीत नसतं. अंगठा जुळत नाही, नाव गळलंय, अशा अडचणी आत्ताच सोडवायला मदत करा. संकटाच्या आठवड्यात ती कचेरीही बंद असते.

शेतकऱ्यांशी थोडं

साखळी तुटली की पहिला मार शेतकऱ्याला बसतो, कारण गिऱ्हाइकाची पंचाईत होते पण त्याचा माल सडतो. २०२० मध्ये नाशिकची द्राक्षं वेलीवर अडकली तेव्हा ज्यांना बेदाणा करता आला त्यांचा काही पैसा तरी वाचला. तासगाव-सांगलीकडे ही विद्या आधीपासून होती. धडा असा की मुख्य पिकाला एक टिकाऊ रूप देता आलं पाहिजे: टोमॅटोचं, कांद्याचं, हिरव्या मिरचीचं. सौर वाळवण यंत्र गटात एक असलं तरी चालतं. शीतगृह चांगलंच, पण ते विजेवर उभं आहे हे विसरू नका.

विजेशिवाय चालणारी उत्तम सोय म्हणजे कांदाचाळ. तिचे नियम पाळले तर. कांदा उन्हाळीच हवा. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या भीमा किरण, भीमा शक्ती या जाती पाच-सहा महिने धरतात. काढणीआधी पाणी तोडा, पात पूर्ण सुकू द्या, मान साधारण दीड इंच ठेवून कापा, जोडकांदे आणि डेंगळे बाजूला काढा. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर हवा आणि थर पाच फुटांच्या वर नको. खालचा कांदा दबला की वास वरपर्यंत येतो.

धान्य आणि सोयाबीन-तूर पिकवणाऱ्यांनी बाजार समितीतली शेतमाल तारण योजना जरूर पाहावी. माल गोदामात ठेवून बऱ्याच पिकांना किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, मुदत १८० दिवस, व्याज ६ टक्के. आपल्या समितीत ती चालू आहे का आणि आजच्या अटी काय आहेत, ते सचिवांना विचारा. ज्याला कापणीच्या आठवड्यातच विकावं लागतं, त्याला बंद रस्त्याचा फटका दुप्पट बसतो.

बियाण्याचंही बघा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बँक उभी केली, त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. टाळ्यांपेक्षा बांधावर वाल, घेवडा, भोपळा, दोडका यांचं स्वतःचं बी धरणं जास्त उपयोगाचं. दुकान आठ दिवस उघडलं नाही तरी पेरणी होते.

सोसायटीची पुढची मीटिंग पार्किंगवर जाणार, हे मला माहीत आहे. तिच्यातली दहा मिनिटं मागून घ्या. दोन शेतकरी गटांचे नंबर, एका गोठ्याचा नंबर आणि फोन करणाऱ्या सभासदाचं नाव, एवढं इतिवृत्तात लिहून घ्या आणि पहिली मागणी पुढच्या शनिवारीच पाठवा.